नावानिशी, तारखेनिशी



यंदा मला दिलेला विषय प्रश्नाच्या रूपात आहे. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप आणि यूट्यूब प्रत्येकाच्या हातात असताना स्वतःचा ब्लॉग लिहिण्याला आता काही अर्थ उरला आहे का? उत्तर मी आधीच देऊन टाकतो, म्हणजे पुढचा सगळा वेळ कारणं सांगायला मिळेल. अर्थ उरला आहे, आणि मराठीत लिहिणाऱ्यासाठी तो पंधरा वर्षांपूर्वी होता त्याहून आज जास्त आहे. वाचकांच्या संख्येवरून मी हे म्हणत नाही. त्या बाबतीत ब्लॉग केव्हाच मागे पडला. चांगल्या मराठी ब्लॉगवरचा लेख महिनाभरात जितके लोक वाचतात, त्याच्या कितीतरी पट लोक एखादी बरी रील संध्याकाळपर्यंत बघून मोकळे होतात. हे मान्य करूनच पुढे जायला हवं.

माझं म्हणणं एवढंच आहे की लेखन कुणाचं आहे, कधीचं आहे आणि उद्या ते कुठे सापडेल, या गोष्टी लेखनापासून वेगळ्या काढल्या की त्याचं काहीतरी मोलाचं जातं. ब्लॉग त्या एकत्र ठेवतो. आज आपण जिथे सर्वांत जास्त लिहितो आणि वाचतो, तिथे त्या सुटत चालल्या आहेत.

एकट्यानं लिहायचं, पदरमोड करून छापायचं आणि आपल्या जबाबदारीवर लोकांपुढे ठेवायचं, हे मराठीला इंटरनेटनं शिकवलेलं नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जानेवारी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली तेव्हा ते सरकारी शाळेत शिक्षक होते. नाव मासिकाचं, पण लिहिणारा जवळजवळ एकटाच. लेखनशुद्धीवर लिहावंसं वाटलं तर त्यावर, इंग्रज लेखक जॉन्सनवर लिहावंसं वाटलं तर त्यावर, देशाच्या स्थितीवर लिहावंसं वाटलं तर त्यावर. विषय कुणी दिला नव्हता आणि लांबी कुणी ठरवली नव्हती. रत्नागिरीला बदली झाली तरी माला थांबली नाही. ८४ अंक निघाले. शास्त्रीबुवा १८८२ मध्ये गेले तेव्हा त्यांना बत्तीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

‘निबंधमाले’त जोतीराव फुल्यांवर आणि लोकहितवादींवर केलेली टीका मला मान्य नाही. जोतीरावांवरची तर मला आजही वाचवत नाही. पण ती वाचता येते. कोणी लिहिली, कोणत्या वर्षी लिहिली, आधीच्या अंकात काय म्हटलं होतं आणि पुढच्या अंकात काय, हे सगळं समोर ठेवून शास्त्रीबुवांना जाब विचारता येतो. मराठी समाजानं तो विचारला आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या लेखकाशी असं भांडता येणं ही मोठी गोष्ट आहे, आणि ते भांडण त्या ८४ अंकांमुळे शक्य झालं आहे.

जागा आपली असण्याचं मोल ज्यांना कुणी जागा देत नव्हतं त्यांनी सर्वांत आधी ओळखलं. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये ‘दीनबंधु’ काढलं. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढला आणि पहिल्याच अंकात सांगितलं की चालू पत्रं विशिष्ट जातींच्या हितसंबंधांत अडकलेली आहेत, बहिष्कृतांच्या प्रश्नाला तिथे पुरेशी जागा मिळत नाही. साठच्या दशकातली अनियतकालिकंही याच गरजेतून निघाली. सायक्लोस्टाइल केलेली चार पानं का असेनात, ती आपली होती.

ब्लॉगची गोष्ट या परंपरेतच बसते. मराठीत ती जरा उशिरा सुरू झाली, आणि त्याचं कारण लिपीचं होतं. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती, पण घरच्या संगणकावर ती नीट दिसायला विंडोज २००० आणि एक्सपी यावे लागले. तोवर प्रत्येक वर्तमानपत्राच्या संकेतस्थळाचा फाँट वेगळा. तो उतरवून घेतला नाही तर पडद्यावर अगम्य चिन्हांच्या ओळी दिसत. उतरवून घेतला तरी तो मजकूर शोधयंत्राला कळत नसे, म्हणजे असून नसल्यासारखाच. ‘मायबोली’सारखं संकेतस्थळ १९९६ पासून हे सगळं सोसून चालू होतं, ही त्या मंडळींची चिकाटी. मग ‘बरहा’ आणि ‘गमभन’सारखी साधनं आली. रोमन कळफलकावर टंकलं की देवनागरी उमटू लागली. ‘ॲ’ हे आपलं अक्षर तर युनिकोडमध्ये २००८ साली दाखल झालं. तोपर्यंत ‘ॲप’ लिहायचं झालं तर ‘अ’ला चंद्र जोडून बघायचा आणि वाचणाऱ्याच्या पडद्यावर तो फुटणार नाही अशी आशा करायची. ज्यांनी त्या काळात मराठी ब्लॉग लिहिले त्यांनी लेखनाआधी लिपीसाठी खटपट केली. आज फोनवर बोटाच्या एका हालचालीत मराठी उमटते, त्यात त्या खटपटीचा वाटा आहे.

त्या वर्षांत काय काय लिहिलं गेलं! आखातात किंवा अमेरिकेत नोकरी करणारा माणूस गावच्या जत्रेबद्दल लिहीत होता. आजीच्या हातच्या पदार्थांची कृती कुणी प्रमाणासह टिपून ठेवत होतं. कुणी मोडी वाचायला शिकवत होतं, तर कुणी रुग्णालयातल्या रात्रपाळीबद्दल लिहीत होतं. नियतकालिकाच्या संपादकाला हे लेखन चाललं असतं की नाही, सांगता येत नाही. बरंचसं चाललं नसतं. काही लेखन कच्चं होतं, पसरट होतं. पण त्यात एक सवड होती. लिहिणारा एकाच विषयाकडे पुन्हा पुन्हा येई, मागच्या महिन्यात लिहिलेलं आज खोडून काढी, आणि तो बदल वाचकाला दिसे.

हे सगळे लिहिणारे कोण होते, हेही सांगायला हवं. बहुतेक शहरी, इंग्रजी येणारे, घरी किंवा कचेरीत संगणक असलेले. महाराष्ट्राचा मोठा भाग त्यात नव्हता. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि ज्यांनी कधी संगणकाला हात लावला नव्हता ती माणसं थेट फोनवर लिहू लागली. ऊसतोडणीच्या फडावरचं जगणं, वाडीवस्तीवरच्या शाळेतले शिक्षक, पारधी आणि भटक्या समाजातले तरुण, शेतात काम करून आल्यावर चार ओळी लिहिणाऱ्या बायका हे सगळे मराठी लेखनात फेसबुक आणि व्हॉट्सॲपच्या वाटेनं आले. समाजमाध्यमांना नाकं मुरडणाऱ्यांत मी नाही. त्यांनी जे दार उघडलं ते ब्लॉगनं उघडलं नव्हतं. माझी तक्रार दाराच्या आतल्या व्यवस्थेबद्दल आहे, आणि ती या नव्या लिहिणाऱ्यांच्या बाजूनं आहे.

तिथे लेख आपण लिहिलेल्या क्रमानं दिसत नाही. माणूस जास्तीत जास्त वेळ तिथेच थांबावा या हिशेबानं यंत्र क्रम लावतं. बाहेरच्या पानाचा दुवा दिला की पोस्ट कमी लोकांपर्यंत जाते, हा तिथे लिहिणाऱ्यांचा सार्वत्रिक अनुभव आहे. म्हणून तर ‘लिंक पहिल्या कमेंटमध्ये’ ही रूढी पडली. इन्स्टाग्रामच्या मजकुरात दुवा दिला तर त्यावर बोट ठेवून काही उघडतच नाही, आणि मजकुराला मर्यादा २,२०० अक्षरचिन्हांची. दोन वर्षांपूर्वीची स्वतःचीच पोस्ट शोधायची वेळ आली की माणूस मेटाकुटीला येतो. तिच्यावर नाव असतं, तारीखही असते, पण ती जिथे आहे तिथवर पोहोचायची वाट नसते. ब्लॉग वाचण्याची जी वेगळी वाट होती तीही अरुंद झाली. आपल्या आवडीच्या लेखकांचं नवं लेखन एका ठिकाणी, लिहिलेल्या क्रमानं आणून देणारं गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झालं. त्यामागची आरएसएस ही पद्धत अजून चालू आहे, पॉडकास्ट तिच्यावरच चालतात, पण सामान्य वाचकाच्या हातातून ती निसटली.

व्हॉट्सॲपवर तर नावही राहत नाही. आपल्यापैकी प्रत्येकानं हे पाहिलेलं आहे. कुणीतरी जीव ओतून लिहिलेला लेख आपल्याकडे येतो तेव्हा खाली ‘साभार’ किंवा ‘लेखक अनामिक’ असतं. कधी पु. ल. देशपांडे किंवा कुसुमाग्रज यांच्या नावावर त्यांनी कधीच न लिहिलेल्या ओळी फिरतात. त्या थोर लेखकांवर हा अन्याय आहेच, पण ज्या अनोळखी बाईनं किंवा मुलानं त्या ओळी खरोखर लिहिल्या त्यांच्यावर तो जास्त आहे. ‘नावासकट फॉरवर्ड करावे ही विनंती’ असं लेखक कळवळून लिहितात. दोन-तीन हातांतून गेल्यावर नावासकट ती विनंतीही गळून पडलेली असते. आपल्या लेखनाचा कर्ता म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमात दिलेला आहे. पण हक्क सांगायला गेलं की पुरावा लागतो. मूळ लेख कुठे आहे, कधी प्रसिद्ध झाला? ज्याच्याकडे ब्लॉग आहे तो पान उघडून तारीख दाखवू शकतो. ज्यानं थेट गटात टंकलं त्याच्यापाशी दाखवायला फारसं काही उरत नाही.

नाव आणि मूळ ठिकाण गेल्यानं किती वाईट होऊ शकतं, हे महाराष्ट्रानं १ जुलै २०१८ रोजी पाहिलं. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानं नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठेचून मारलं. त्या काळात देशभर मुलं पळवल्याच्या चित्रफिती फिरत होत्या. त्यातली एक पाकिस्तानात मुलांच्या सुरक्षेसाठी केलेल्या जाहिरातीतून कापलेली होती. ती जाहिरात आहे, ती कुणी केली आणि कशासाठी केली, हे सांगणारा भाग कापून टाकला होता. त्यानंतर व्हॉट्सॲपनं भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. राईनपाड्याच्या त्या पाच माणसांना विसरून मला या विषयावर बोलता येत नाही.

ब्लॉग असता तर ते वाचले असते, असा भाबडा दावा मी करणार नाही. एवढंच म्हणतो की पत्ता असलेल्या मजकुराची चूक दाखवता येते आणि सुधारताही येते. डॉक्टरानं स्वतःच्या ब्लॉगवर औषधाची मात्रा चुकीची लिहिली, तर एखादा वाचक खाली दाखवून देतो, डॉक्टर त्याच जागी दुरुस्ती करतात, आणि पुढे येणाऱ्या प्रत्येकाला दुरुस्त मजकूर मिळतो. फॉरवर्ड मागे बोलावता येत नाही. २०२० च्या करोनाकाळात डॉक्टरांच्या नावानं फिरलेले काढ्यांचे आणि वाफाऱ्यांचे संदेश अजूनही कुठल्या ना कुठल्या गटात उगवतात. ते खरोखर कुणी लिहिले होते याचा पत्ता नाही, मग दुरुस्ती कुणाकडे मागायची?

सह्याद्रीत भटकणाऱ्यांना माझं म्हणणं वेगळ्या अंगानं पटेल. मोहरीकडून उतरणारी बोराट्याची नाळ किंवा त्याच मुलखातली सिंगापूर नाळ अशा घाटवाटांची माहिती हवी असेल तर ती कुठे मिळते? मोठ्या पर्यटन संकेतस्थळांवर ती मिळत नाही. मिळते ती दुर्गप्रेमी माणसांच्या व्यक्तिगत ब्लॉगवर. टाक्यातलं पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं, वाट कुठे चकवते, दोर कुठे लागतो, गावात वाटाड्या कुणाकडे विचारावा. लेखाखाली दोन वर्षांनी जाऊन आलेला दुसरा कुणी लिहितो की पावसानं दगड सरकलेत, अमुक टप्पा आता जपून उतरा. मग तिसरा येतो. एका पानावर त्या वाटेचा कित्येक वर्षांचा इतिहास साठतो. तीच माहिती फेसबुकवर सुंदर फोटोंसह आली, तर तिला भरपूर दाद मिळते, आणि पुढच्या हिवाळ्यात जाणाऱ्याला ती सापडत नाही. कोरड्या टाक्यापाशी पोहोचलेल्या माणसाला हा फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही.

महाराष्ट्राबाहेरचं एक उदाहरण सांगतो, कारण तारखेचं मोल मला त्यातून सर्वांत स्पष्ट दिसलं. २००३ च्या ऑगस्टमध्ये बगदादमधल्या चोवीस वर्षांच्या एका तरुणीनं ‘रिव्हरबेंड’ या टोपणनावानं ‘बगदाद बर्निंग’ हा ब्लॉग सुरू केला. ती संगणक प्रोग्रामर होती. अमेरिकेच्या आक्रमणानंतर ती कामावर परत गेली तेव्हा बाईमाणसाच्या सुरक्षेची हमी देता येत नाही म्हणून तिला घरी पाठवण्यात आलं. वीज कधी येते, पाणी कसं साठवायचं, कोणता शेजारी आता दिसत नाही, रस्त्यावरून चालताना कपडे कसे बदलावे लागले, हे ती लिहीत गेली. २००७ मध्ये कुटुंबासह तिनं देश सोडला. पुढे लेखन जवळजवळ थांबलं, आणि एप्रिल २०१३ मध्ये, दहा वर्षांचा हिशेब मांडणारी एक नोंद आली. युद्धावर नंतर पुस्तकं भरपूर निघाली, पण ती शेवट माहीत असलेल्यांनी लिहिलेली आहेत. या नोंदी लिहिणारीला पुढे काय होणार ते माहीत नव्हतं. म्हणून त्या एकामागून एक, तारखेच्या क्रमानं वाचाव्या लागतात. त्या सुट्या करून यंत्राच्या मर्जीनं समोर टाकल्या तर त्यातलं हळूहळू आवळत जाणं वाचकाला जाणवणारच नाही. आणि नाव म्हणजे जन्मदाखल्यावरचंच नाव असं मला म्हणायचं नाही, हेही तिच्यावरून स्पष्ट व्हावं. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये ‘लोकहितवादी’ म्हणून लिहिलं. टोपणनाव चालतं. ते एकच असावं, सतत असावं, आणि आधीच्या शब्दांची जबाबदारी त्यानं घ्यावी.

इथे ब्लॉगचा दुबळेपणाही मांडतो. बहुतेकांचे ब्लॉग दुसऱ्याच्या जागेत आहेत. मुंबईत ११ जुलै २००६ रोजी लोकलगाड्यांत स्फोट झाले. त्यानंतर सरकारनं काही मोजकी पानं बंद करायला सांगितली, तर इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी सबंध ब्लॉगस्पॉटच काही दिवस बंद करून टाकलं. याहूचं जिओसिटीज २००९ मध्ये गेलं. ऑर्कुट, जिथे मराठी समुदाय भरभरून बोलत होते, ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झालं. गूगल प्लस २०१९ मध्ये गेलं. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरनं २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१३ साली जालावर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. यात ब्लॉगही आले. स्वतःचं डोमेन घेतलं तर वर्षाचं शुल्क भरत राहावं लागतं, आणि लिहिणारा गेला की ते भरणारं कुणी नसतं.

म्हणून जपणुकीचा प्रश्न येतो, आणि तो या ग्रंथालयाच्या वास्तूत विचारणं योग्य आहे. ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध १८८२ मध्ये पुण्यात छापला गेला. प्रती अवघ्या ५००. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यावरून उठलेल्या चर्चेनं संतापून बुलढाण्याच्या या बाईनं तो लिहिला. जोतीरावांनी तिची बाजू घेतली. नंतर मात्र तो निबंध जवळजवळ विसरला गेला आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी तो पुन्हा प्रकाशात आणला. आज त्याच्याशिवाय भारतातल्या स्त्रीवादी विचाराचा इतिहास लिहिता येत नाही. मधल्या ९३ वर्षांत कुणाच्या तरी कपाटात एक प्रत राहिली म्हणून हे झालं. ५०० प्रती कमी आहेत म्हणून तो निबंध बिनमहत्त्वाचा आहे, असं १८८२ साली कुणी म्हटलं असतं तर हिशेबाच्या दृष्टीनं ते बरोबरच ठरलं असतं.

आपल्याकडे १९५४ चा कायदा आहे. त्यानुसार छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई व दिल्लीच्या नेमलेल्या ग्रंथालयांना द्यावी लागते. पुढे त्यात वृत्तपत्रांचीही भर पडली. जालावरच्या लेखनाला तो लागू नाही. ब्रिटननं २०१३ पासून आपल्या देशातली संकेतस्थळं ग्रंथालयांनी साठवावीत अशी कायदेशीर सोय केली. डेन्मार्कनं ती २००५ मध्येच केली होती. आपण कायद्याची वाट बघत बसायला नको. महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं हजारोंनी आहेत. आपण दिवाळी अंक बांधून ठेवतो, जुन्या स्मरणिका ठेवतो, गावातल्या हौशी कवीचा स्वखर्चानं काढलेला संग्रह ठेवतो. आपल्या तालुक्यातल्या माणसांच्या ब्लॉगांची यादी अजून कुणी केलेली माझ्या पाहण्यात नाही.

या ग्रंथालयानं ती करावी, अशी माझी मागणी आहे. काम फार अवघड नाही. वर्डप्रेस आणि ब्लॉगर, दोन्हींत आपलं सगळं लेखन एका फाइलमध्ये उतरवून घेण्याची सोय आहे. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर पानाचा पत्ता टाकला की त्या दिवशीची प्रत तिथे साठवता येते, विनामूल्य. कॉलेजमधले दोन विद्यार्थी आणि एक जाणती ग्रंथपाल एवढ्यावर सुरुवात होईल. फेसबुकवर चांगलं लिहिणाऱ्यांनाही यात घ्यावं. त्यांना बसवून, त्यांचं निवडक लेखन तारखांसह एका ब्लॉगवर लावून द्यावं. जे नव्यानं लिहू लागले आहेत, त्यांचं लेखन हरवण्याची भीती सर्वांत जास्त आहे.

एक गोष्ट मात्र आधी करायला हवी. लेखन लेखकाचं आहे, तेव्हा साठवण्याची परवानगी लेखी घ्यायला हवी. मराठी ब्लॉगच्या पहिल्या पिढीतले बरेच जण आता साठीच्या पुढे आहेत, काही गेले आहेत. जे गेले त्यांच्या घरच्यांना पासवर्ड माहीत नसतो, काहींना तर ब्लॉग होता हेच माहीत नसतं. परवानगीच्या पत्राचा एक साधा मसुदा मी आज सोबत आणला आहे. सभा संपल्यावर तो ग्रंथपालांच्या टेबलावर असेल. सभागृहात ब्लॉग लिहिणारे कुणी असतील तर त्यांनी जाण्याआधी त्यावर सही करावी आणि ब्लॉगचा पत्ता नीट, सुवाच्य अक्षरात लिहावा.